कृषी पत्रकारांचं आंतरराष्ट्रीय अधिवेशन आणि शेतमाल व्यापाराच्या बातम्या : आकडे कसे वाचायचे, तयारी काय करायची?

शेतवार्ता (धागाकर्ता)

आयएफएजे, म्हणजे कृषी पत्रकारांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, दरवर्षी एका सदस्य देशात अधिवेशन भरवतो. २०२२ मध्ये डेन्मार्क, २०२३ मध्ये कॅनडा, २०२४ मध्ये स्वित्झर्लंड, २०२५ मध्ये केनिया असं ते फिरत आलं आहे. पुढच्या अधिवेशनाला जाऊन तिथून जागतिक शेतमाल व्यापारावर लेखमाला लिहायचा विचार आहे. शेतीच्या बातम्या लिहायची सवय आहे, पण जागतिक बाजाराचे आकडे हाती घेतले की अडायला होतं.

शिकागोच्या वायदे बाजारातला गव्हाचा भाव "५४२-४" असा छापलेला दिसतो. त्याचे डॉलर प्रति टन कसे काढायचे? एक बातमी म्हणते जगात गव्हाचा साठा मुबलक आहे, त्याच दिवशी दुसरी म्हणते निर्यातदारांकडे माल कमी आहे. दोन्ही खऱ्या कशा? शिकागोत सोयाबीन पडतं आणि ब्राझीलच्या बंदरावर चढतं, हे कसं होतं? आणि अधिवेशनातल्या शेतभेटींतून छायाचित्रांपलीकडे काही हाती लागावं म्हणून आधी काय करून ठेवावं? व्हिसा आणि शेतावर जाण्याचे नियम यांबद्दलही कुणी नेमकं सांगितलं तर बरं होईल.

मापाडी

भावापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

"५४२-४" म्हणजे ५४२.४ नव्हे. शिकागोच्या धान्य वायद्यांत शेवटचा आकडा सेंटचा आठवा भाग दाखवतो. ४ म्हणजे चार अष्टमांश, म्हणजे अर्धा सेंट. भाव झाला ५४२.५ सेंट प्रति बुशेल. शेवटी २ असेल तर पाव सेंट, ६ असेल तर पाऊण.

आता बुशेल. मुळात हे आकारमानाचं माप, पण व्यापारात प्रत्येक पिकासाठी त्याचं वजन ठरलेलं आहे. गहू आणि सोयाबीनचा बुशेल ६० पौंडांचा, म्हणजे २७.२२ किलो. मक्याचा ५६ पौंडांचा, २५.४० किलो. अमेरिकेत बार्लीचा ४८ आणि ओटचा ३२ पौंडांचा. त्यामुळे एका टनात गहू किंवा सोयाबीनचे ३६.७४ बुशेल बसतात आणि मक्याचे ३९.३७. सेंटमधल्या भावाला गहू-सोयाबीनसाठी ०.३६७४ ने आणि मक्यासाठी ०.३९३७ ने गुणलं की थेट डॉलर प्रति टन मिळतो. वरचा गव्हाचा भाव १९९.३ डॉलर येतो. चुकून मक्याचा गुणक लावला तर तोच भाव २१३.६ होतो. टनामागे १४ डॉलरची चूक म्हणजे बातमीच खोटी.

सोयाबीनच्या तिन्ही मालांची मापं वेगळी आहेत, हे विसरू नका. दाणे बुशेलमध्ये, तेल सेंट प्रति पौंड आणि पेंड डॉलर प्रति शॉर्ट टन. शॉर्ट टन ९०७.२ किलोचा असतो. पेंडीचा भाव ३०० दिसला तर आपल्या मेट्रिक टनाला तो ३३०.७ डॉलर पडतो. न्यूयॉर्कची कच्ची साखर सेंट प्रति पौंडमध्ये, तिला २२.०४६ ने गुणायचं. २० सेंट म्हणजे ४४१ डॉलर. लंडनची पांढरी साखर मात्र सरळ डॉलर प्रति टनात असते. या दोन भावांतला फरक म्हणजे साखर शुद्धीकरणाच्या धंद्याचा श्वास, तो बातमीत आवर्जून द्यावा. कॉफीतही असंच आहे. अरेबिका न्यूयॉर्कमध्ये सेंट प्रति पौंड, रोबस्टा लंडनमध्ये डॉलर प्रति टन, आणि उत्पादनाचे आकडे ६० किलोच्या पोत्यांत. कापसाची अमेरिकी आकडेवारीतली गाठ ४८० पौंडांची, म्हणजे २१७.७ किलोची. प्रत्येक देशाची गाठ एवढ्याच वजनाची नसते, त्यामुळे नुसत्या "गाठी" लिहून भागत नाही.

उत्पादकतेसाठी दोन गुणक पाठ असू द्यावेत. मक्याचे बुशेल प्रति एकर ०.०६२८ ने गुणले की टन प्रति हेक्टर मिळतात. गहू-सोयाबीनसाठी ०.०६७३. शेतकऱ्याने १८० बुशेल मका सांगितला तर तो हेक्टरी ११.३ टन. पण तिथेच लगेच विचारायचं, ओला की वाळवलेला? अमेरिकेत मक्यासाठी १५.५ टक्के ओलावा प्रमाण धरतात. २० टक्के ओलाव्याचा १०० टन मका १५.५ टक्क्यांवर आणला की ९४.७ टनच उरतो. दोन देशांच्या उत्पादकतेची तुलना करताना ओलाव्याची ही नोंद बहुतेक बातम्यांतून गळते.

भाताचंही तसंच. जागतिक आकडे सहसा तांदळात असतात, शेतावरचे आकडे भातात. भात भरडल्यावर तांदूळ साधारण दोन तृतीयांश उरतो. एका ओळीत एक आणि दुसऱ्या ओळीत दुसरं धरलं तर एक तृतीयांश माल हवेत जातो.

कोठार

मापाडी यांच्याशी सहमत. साठ्याच्या प्रश्नाचं उत्तर देतो.

अमेरिकी कृषी खातं दर महिन्याला जागतिक पुरवठा-मागणीचा अंदाज काढतं, त्याला सगळे "वास्डे" म्हणतात. त्यातलं गणित साधं आहे. सुरुवातीचा साठा, उत्पादन आणि आयात यांची बेरीज म्हणजे पुरवठा. देशांतर्गत वापर आणि निर्यात वजा केली की उरतो अखेरचा साठा. या साठ्याला एकूण वापराने भागलं की साठा-वापर गुणोत्तर मिळतं. भावाची दिशा ओळखायला नुसत्या साठ्यापेक्षा हे गुणोत्तर जास्त उपयोगी पडतं, कारण २० वर्षांपूर्वीचा १० कोटी टन साठा आणि आजचा १० कोटी टन साठा यांना सारखी तोंडं भरायची नसतात.

आता तुमच्या दोन बातम्या. जगातल्या गव्हाच्या साठ्यापैकी जवळपास निम्मा आणि मक्याच्या साठ्यापैकी निम्म्याहून बराच अधिक एकट्या चीनकडे असतो. तो माल चीनच्या गोदामांत असतो, जागतिक बाजारात विकायला येत नाही. म्हणून वास्डेच्या तक्त्यात "चीन वगळून जग" अशी स्वतंत्र ओळ दिलेली असते. त्याखेरीज मुख्य निर्यातदारांच्या साठ्याचीही वेगळी ओळ असते. जगाचा साठा वाढलेला आणि निर्यातदारांचा घटलेला, असं एकाच अहवालात दिसू शकतं. पहिली बातमी वरची ओळ वाचून लिहिली, दुसरी खालची. आयात करणाऱ्या देशाच्या वाचकासाठी खालच्या ओळीला जास्त महत्त्व आहे, आणि माझ्या मते मथळा तिच्यावरच असावा.

दुसरा सापळा वर्षाचा. "२०२४-२५" हे वर्ष प्रत्येक पिकाला वेगळ्या तारखेला सुरू होतं. अमेरिकेचा गहू जून ते मे, मका आणि सोयाबीन सप्टेंबर ते ऑगस्ट, कापूस ऑगस्ट ते जुलै. जागतिक गहू व्यापाराचं वर्ष जुलै ते जून धरतात, मक्याचं ऑक्टोबर ते सप्टेंबर, तांदळाच्या व्यापाराचं जानेवारी ते डिसेंबर. एका देशाच्या सीमाशुल्क खात्याचा कॅलेंडर वर्षाचा आकडा आणि वास्डेचा हंगामी आकडा शेजारी ठेवून "एवढी घट" लिहिणं ही नेहमीची चूक आहे.

अहवालांचा ऋतूही लक्षात असू द्या. नव्या हंगामाचा पहिला पूर्ण अंदाज मे महिन्याच्या वास्डेत येतो. तेव्हा अमेरिकेतल्या मका-सोयाबीनची उत्पादकता मागच्या वर्षांच्या कलावरून धरलेली असते. शेतकऱ्यांच्या पाहणीवर आधारलेली उत्पादकता ऑगस्टपासून येते. मार्चअखेर पेरणीचे इरादे, जूनअखेर प्रत्यक्ष पेरणीचं क्षेत्र, जानेवारीत सरलेल्या हंगामाचे वार्षिक आकडे. मे महिन्यातल्या अंदाजाला "विक्रमी पीक येणार" असा ठाम मथळा दिला तर ऑगस्टमध्ये तो मागे घ्यायची वेळ येऊ शकते.

अहवाल वॉशिंग्टनच्या दुपारी १२ वाजता प्रसिद्ध होतो. जागतिक प्रमाणवेळेनुसार उन्हाळ्यात १६ वाजता, हिवाळ्यात १७ वाजता. पूर्वी वृत्तसंस्थांच्या बातमीदारांना बंद खोलीत अहवाल आधी वाचायला मिळायचा. वेळ होताच त्यांची बातमी सुटायची आणि खात्याच्या संकेतस्थळापेक्षा ती क्षणभर आधी पोचायची. यंत्राने सौदे करणाऱ्यांना तेवढा क्षण पुरतो. म्हणून २०१८ मध्ये ही सोय बंद केली. आता सगळ्यांना अहवाल एकाच वेळी मिळतो, त्यामुळे बातमीदाराची आघाडी वेगात उरलेली नाही, अर्थ लावण्यात उरली आहे.

शेतवार्ता

फारच उपयोगी. एक उपप्रश्न : एफएओचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा, अन्न किंमत निर्देशांक वर गेला की "जगात अन्न महागलं" असं लिहिणं बरोबर आहे का?

कोठार

नाही, तसं लिहू नये. तो निर्देशांक पाच गटांच्या निर्यात बाजारातल्या भावांवर बेतलेला आहे : तृणधान्यं, खाद्यतेलं, दुग्धजन्य पदार्थ, मांस आणि साखर. २०१४ ते २०१६ ची सरासरी १०० धरली आहे आणि गटांना वजनं जागतिक निर्यातीतल्या वाट्यानुसार दिलेली आहेत. दुकानातला भाव त्यात नाही, भाज्या नाहीत, डाळी नाहीत. शिवाय मथळ्यात येणारा आकडा डॉलरमधला आणि महागाई न वजावलेला असतो. ज्या देशाचं चलन त्या महिन्यात घसरलं तिथे निर्देशांक खाली येऊनही आयात महाग पडू शकते. मार्च २०२२ मध्ये निर्देशांकाने त्या मालिकेतला उच्चांक गाठला, तेव्हा खाद्यतेलांचा वाटा त्यात मोठा होता. म्हणून एकत्रित आकड्याखाली कोणत्या गटाने तो हलवला, हे दुसऱ्याच वाक्यात यायला हवं. मागच्या महिन्याचा आकडा पुढच्या महिन्यात सुधारला जातो, विशेषतः मांसाचा. तुलना करताना मागच्या बातमीतला आकडा उचलू नका, ताज्या तक्त्यातलाच घ्या.

गहू, मका, तांदूळ आणि सोयाबीन या चारच पिकांपुरतं पाहायचं असेल तर जी-२० देशांनी २०११ मध्ये सुरू केलेल्या "अमिस" या व्यवस्थेचा मासिक आढावा वाचा. त्यात एफएओ, अमेरिकी कृषी खातं आणि लंडनची आंतरराष्ट्रीय धान्य परिषद या तिघांचे अंदाज शेजारी शेजारी असतात. तिघांत फरक दिसला की तीच बातमीची जागा.

गलबत

शिकागो खाली आणि ब्राझील वर, याचं उत्तर "प्रीमियम" या शब्दात आहे. बंदरावरचा भाव म्हणजे शिकागोचा वायदा अधिक किंवा उणे त्या बंदराचा प्रीमियम. जुलै २०१८ मध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जादा शुल्क लावलं. चिनी खरेदीदार ब्राझीलकडे वळले. अमेरिकी मालाला गिऱ्हाईक कमी झालं म्हणून शिकागो पडलं, आणि ब्राझीलच्या मालावर उड्या पडल्या म्हणून तिथला प्रीमियम फुगला. नुसतं शिकागो पाहून "जगात सोयाबीन स्वस्त" लिहिणाऱ्याला ब्राझीलचा शेतकरी त्या वर्षी खुशीत का होता, हे सांगता आलं नसतं. बातमीत वायदा आणि बंदरावरचा भाव दोन्ही द्या, निदान कोणता दिला आहे ते तरी लिहा.

भावापुढे एफओबी की सीआयएफ, हेही हवं. एफओबी म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतचा भाव, सीआयएफमध्ये विमा आणि जहाजभाडं धरलेलं असतं. देश आपली निर्यात बहुधा एफओबीत मोजतात आणि आयात सीआयएफमध्ये. म्हणून एकाच व्यवहाराची रक्कम विकणाऱ्याच्या दफ्तरात कमी आणि घेणाऱ्याच्या दफ्तरात जास्त दिसते. त्यात चोरी शोधायला जाऊ नका. वेळेचाही फरक पडतो. ब्राझीलहून डिसेंबरात निघालेलं जहाज चीनमध्ये पुढच्या वर्षाच्या खात्यात जमा होतं. आणि नेदरलँड्ससारख्या देशाचे आकडे पाहताना जपून, कारण तिथल्या रॉटरडॅम बंदरात उतरलेला बराच माल पुढे दुसरीकडेच जातो.

खरेदीच्या बातम्यांत चार पायऱ्या वेगळ्या ठेवायच्या. खरेदीचं आश्वासन, नोंदलेला सौदा, जहाजात भरलेला माल, आणि आयातदार देशात सीमाशुल्क भरून उतरलेला माल. मंत्र्यांच्या पत्रकार परिषदेत पहिली पायरी ऐकायला मिळते आणि मथळा चौथीचा होतो. अमेरिकेत एका दिवसात एकाच देशाला १ लाख टन किंवा त्याहून जास्त धान्य वा सोयाबीन विकलं तर निर्यातदाराला पुढच्या कामकाजाच्या दिवशी दुपारी ३ पर्यंत ते कळवावं लागतं. लहान सौदे गुरुवारच्या साप्ताहिक अहवालात येतात. ही नोंदणी १९७२ नंतर सुरू झाली. त्या वर्षी सोव्हिएत संघाने गाजावाजा न करता प्रचंड धान्य उचललं होतं आणि बाजाराला ते उशिरा कळलं. या अहवालात "अज्ञात ठिकाण" असा रकाना असतो. तो रकाना फुगला की चीनचं नाव घ्यायचा मोह होतो. पुढच्या आठवड्यांत तो माल कोणत्या देशाच्या नावे वळता होतो ते पाहून मगच लिहा. सौदे रद्दही होतात, त्यामुळे निव्वळ विक्री उणे आलेली दिसली तर घाबरू नका.

मालाचा सहा अंकी एचएस कोड, म्हणजे सीमाशुल्कासाठी मालाच्या वर्गवारीचा क्रमांक, प्रत्येक लेखाच्या टिपणात लिहून ठेवा. पहिले सहा अंक जगभर सारखे, पुढचे प्रत्येक देशाचे स्वतःचे. तांदूळ १००६ खाली येतो, पण १००६.१० म्हणजे भात, १००६.२० ब्राऊन राइस, १००६.३० पॉलिश केलेला आणि १००६.४० तुकडा. सरकारने "तांदळावर" बंदी घातली असं वाचलं की आधी कोड पाहायचा. तुकड्यावरची बंदी आणि पॉलिश तांदळावरची बंदी यांनी भरडली जाणारी माणसं वेगळी आहेत. ही यादी साधारण पाच वर्षांनी बदलते, सध्या २०२२ ची आवृत्ती चालू आहे. जुन्या मालिका जोडताना कोड फुटला आहे का, ते तपासा.

आणि शुल्काबद्दल एकच गोष्ट. जागतिक व्यापार संघटनेत देशाने मान्य केलेली कमाल मर्यादा वेगळी आणि प्रत्यक्ष लावलेलं शुल्क वेगळं. लावलेलं शुल्क मर्यादेच्या आत वाढवलं तर तो नियमभंग ठरत नाही. दोन्ही आकडे दिल्याशिवाय "नियम मोडला" असं लिहू नये.

बांधावरून

आता अधिवेशन. त्याचा गाभा बसमधून होणाऱ्या शेतभेटी. सभागृहातली भाषणं असतातच, पण त्यांतला बराचसा मजकूर नंतरही मिळतो. शेतकऱ्यासमोरची २० मिनिटं परत मिळत नाहीत.

भेटींचे मार्ग नोंदणीच्या वेळीच निवडावे लागतात आणि चांगल्या बस लवकर भरतात. लेखमालेचा विषय आधी ठरवा, मग मार्ग निवडा. व्यापारावर लिहायचं असेल तर सुंदर डोंगरी गोठ्यापेक्षा धान्याचं कोठार, बंदर, सहकारी डेअरीचा कारखाना किंवा लिलावगृह असलेला मार्ग घ्या. तुमचं वय आणि देश बसत असेल तर महासंघाचे "यंग लीडर्स" आणि "मास्टर क्लास" हे कार्यक्रमही पाहा. पहिला तरुण पत्रकारांसाठी आहे, दुसरा विकसनशील देशांतल्या पत्रकारांसाठी. त्यांचे अर्ज अधिवेशनाच्या बऱ्याच आधी मागवतात.

भेटीआधी त्या देशाचं एक पान तयार करा : मुख्य निर्यात माल, त्याचे तीन मोठे ग्राहक देश, त्या ग्राहकांचं शुल्क, शेतकऱ्याला मिळणारा भाव आणि त्याचं एकक. दुधाचं उदाहरण घ्या. युरोपात भाव १०० किलोला सांगतात, अमेरिकेत १०० पौंडांना, न्यूझीलंडमध्ये दुधातल्या घन पदार्थांच्या किलोला, म्हणजे फॅट आणि प्रथिनं मिळून. अमेरिकी २० डॉलर म्हणजे १०० किलोला ४४.१ डॉलर. न्यूझीलंडचे १० डॉलर घन पदार्थांच्या किलोला असतील आणि दुधात ते ९ टक्के असतील तर १०० किलो दुधाला ९० न्यूझीलंड डॉलर. मग चलन बदलायचं, आणि फॅट-प्रथिनांचं प्रमाण सारखं आहे का ते पाहायचं. हे बसमध्ये बसून जमत नाही, आधीच करून ठेवावं लागतं.

शेतकऱ्याला "व्यापाराबद्दल काय वाटतं?" असं विचारू नका, मत मिळेल आणि माहिती राहून जाईल. मागच्या हंगामाचा किती टक्के माल पेरणीआधी विकून ठेवला होता? भाव वायद्याला बांधलेला होता की ठरावीक? शेत ते बंदर वाहतूक टनाला किती पडते आणि ती कोण भरतं? कोणत्या कारणाने माल नाकारला जातो, आणि नाकारलेला माल कुठे जातो? अनुदान उत्पन्नाच्या किती टक्के? गोठा दाखवत असताना यातले दोन प्रश्न विचारून होतात, उरलेल्यांसाठी संपर्क घेऊन ठेवा आणि नंतर लिहून विचारा.

यजमान देश दाखवण्याजोगंच शेत दाखवणार, त्यात वावगं काही नाही. पण लेखात त्या शेताचा आकार देशाच्या सरासरी शेताशेजारी ठेवायलाच हवा. ४०० गाईंचा गोठा पाहून "त्या देशातले गोठे" असं लिहिलं तर वाचकाची फसवणूक होते. प्रवासाचा किंवा नोंदणीचा खर्च प्रायोजकाने उचलला असेल तर तेही लेखाखाली सांगावं.

भाषणांत कुणी "चॅटम हाउस नियम" म्हटलं तर माहिती वापरता येते, पण ती कुणी सांगितली आणि तो कुठल्या संस्थेचा, हे उघड करता येत नाही. नियम लागू आहे का, हे बोलणं सुरू होण्याआधी विचारायचं. नंतर विचारलं की वाद होतात.

व्हिसा : यजमान संघटनेचं निमंत्रणपत्र नोंदणीनंतर मागून घ्या. शेंगेन देशांसाठी (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो, पण भेटीची वेळ मिळायलाच आठवडे जातात. अमेरिकेबाबत विशेष जपा. बातमीदारीसाठी जाणाऱ्याला "आय" प्रकारचा माध्यम व्हिसा लागतो. नुसतं परिषदेत सहभागी व्हायचं आणि त्यावर वार्तांकन करायचं नाही, तरच अभ्यागत व्हिसा चालतो. लेखमाला लिहायची असेल तर तो चालणार नाही.

शेतावर जाताना बुटांचा तळ ब्रशने घासून धुतलेला हवा. निर्जंतुकीकरणाचं पाणी मातीवर काम करत नाही, आधी माती निघावी लागते. डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या फार्मवर आदल्या एक ते तीन दिवसांत दुसऱ्या जनावरांच्या संपर्कात आला नव्हता ना, हे विचारतात. त्यामुळे एकाच दौऱ्यात सकाळी गोठा आणि दुपारी वराहपालन असेल तर आयोजकांना आधी विचारा. परतताना विमानतळावरच्या घोषणापत्रात शेतभेट लिहा. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड हे देश तसं थेट विचारतात. खरं लिहिलं तर फार तर बूट तपासतात, लपवलं तर दंड होऊ शकतो. भेट म्हणून दिलेलं बियाणं, सॉसेज, कच्च्या दुधाचं चीज सोबत आणू नका.

गलबत

बांधावरून यांच्या एका मुद्द्याशी असहमत. सभागृहातली भाषणं नंतर मिळतात, हे खरं. पण पशुरोग आणि व्यापारबंदीच्या सत्राला प्रत्यक्ष बसावं, कारण तिथे पशुवैद्यकीय अधिकारी भेटतात, आणि या बातम्या सर्वात जास्त चुकतात.

रोग सापडला की "आयातबंदी" एवढंच लिहिलं जातं. खरा प्रश्न असतो बंदी किती क्षेत्रावर आहे. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत ब्रँडनबर्गमधल्या म्हशींच्या कळपात लाळ्या-खुरकूत सापडला, १९८८ नंतर प्रथमच. दक्षिण कोरियाने जर्मन डुकराचं मांस थांबवलं, ब्रिटननेही जर्मनीतून जनावरं आणि ताजं मांस घेणं बंद केलं. युरोपीय संघाच्या आत मात्र प्रतिबंधित क्षेत्राबाहेरचा व्यापार चालू राहिला. त्याच वर्षी मे महिन्यात ब्राझीलच्या रिओ ग्रांदे दो सूल राज्यात व्यापारी कुक्कुटपालनात बर्ड फ्लू आढळला. चीनने संपूर्ण ब्राझीलचं चिकन थांबवलं, जपानने प्रादुर्भावाच्या भागापुरतंच. रोग एकच, देश एकच, पण निर्यातीवरचा परिणाम आयातदाराशी झालेल्या करारात काय लिहिलंय त्यावर ठरला. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या नियमानुसार बर्ड फ्लूत पक्षी नष्ट करून निर्जंतुकीकरण झाल्यावर २८ दिवस नवा प्रादुर्भाव नसेल तर देश स्वतःला रोगमुक्त जाहीर करू शकतो. त्या घोषणेने आयातदाराची बंदी आपोआप उठत नाही. म्हणून अशा बातमीत तीन तारखा हव्यात : रोग सापडल्याची, रोगमुक्ती जाहीर केल्याची आणि प्रत्येक मोठ्या ग्राहकाने बाजार पुन्हा उघडल्याची.

शेतवार्ता

सगळ्यांचे आभार. शेवटचं एक : अधिवेशन चालू असतानाच वास्डे आला तर? बसमध्ये, नेटवर्क अर्धवट, आणि तासाभरात बातमी द्यायची.

कोठार

आदल्या रात्री एक तक्ता करून ठेवा. गहू, मका, सोयाबीन यांच्या प्रत्येकी तीन ओळी : अमेरिकेचा अखेरचा साठा, जगाचा, आणि चीन वगळून जगाचा. रकाने चार : मागच्या महिन्याचा आकडा, मागच्या हंगामाचा आकडा, विश्लेषकांचा सरासरी अंदाज, आणि चौथा रिकामा. अंदाजांची सरासरी वृत्तसंस्था अहवालाआधी काही दिवस प्रसिद्ध करतात.

अहवाल आला की फक्त चौथा रकाना भरा. भाव हलतो तो तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यातल्या फरकाने. साठा मागच्या महिन्यापेक्षा वाढला, पण बाजाराने त्याहून जास्त वाढ धरली होती, तर भाव चढतो. हे न पाहता "साठा वाढूनही भाव चढले, बाजार गोंधळला" असं लिहिणारे दर महिन्याला सापडतात. मग साठा का बदलला ते शोधा : उत्पादन, निर्यात, की सुरुवातीचाच साठा सुधारला? मागच्या हंगामाचा अखेरचा साठा सुधारला की नव्या हंगामाची सुरुवात आपोआप सरकते, आणि शेतात काही न बदलता नवा आकडा बदललेला दिसतो.

पीडीएफ बसमध्ये उघडत नसेल तर खातं तेच आकडे मजकुराच्या हलक्या फायलीतही देतं. त्या पानाची खूण आधीच फोनमध्ये करून ठेवा, आणि सहाशे शब्दांऐवजी दोनशेच पाठवा. उरलेलं संध्याकाळी, बंदराचे भाव पाहून.